पिल्लांवरची मरळ

शामकला, तुझ्यावर लिहायला बसले आणि पहिल्यांदा आठवला तो तुझा भाला. म्हणून हे तुलाच सांगते. बाकीच्यांनी बाजूला बसून ऐकावं.

त्यांना एवढं माहीत असू दे की तू नवेगाव बांधच्या तलावावर पंचवीस वर्षं डोंगा वल्हवत मासे मारणारी ढिवराची बाई, आणि मी गोंदियाच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून घरी बसलेली म्हातारी. तीन वर्षांपूर्वी तुमच्या मच्छीमार सोसायटीने मला भाषणाला बोलावलं. ‘मासे वाचवा’ छापाची भाषणं मला स्वतःलाच ऐकवत नाहीत. मी बास्किंग शार्कचा फोटो बाहेर काढला आणि त्याचंच सांगत सुटले.

थंड समुद्रातला मासा. दोन डोंगे टोकाला टोक लावून ठेवले तरी त्याच्यापुढे कमी पडतील. तोंड एवढं की लहान मूल आत उभं राहील, पण खातो काय, तर पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. तोंड उघडं टाकून संथ पोहत राहतो, कल्ल्यांतल्या दाट केसाळ कंगव्यांत खाणं अडकतं, पाणी बाहेर जातं. हे सगळं अगदी पाण्याच्या वर, पाठीवरचा पर बाहेर ठेवून. लोकांना वाटलं, ऊन खात पडलाय; नावही तेच पडलं. तो जेवत होता. लोकांनी होडीतून दोर बांधलेले भाले मारले, यकृतातल्या तेलासाठी. हजारोंनी मारले. हा मासा वयात यायलाच बारा-पंधरा वर्षं घेतो, मादीला त्याहून जास्त लागतात. काही किनाऱ्यांवर मग तो दिसेनासा झाला.

मागच्या रांगेतून तू विचारलंस, “पळत नाही का तो?”

“नाही. जेवताना होडी जवळ आली तरी बहुतेकदा हलत नाही.”

“मंजे आमची पिल्लांवरची मरळ.”

सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. मला कळेना. सोसायटीचे अध्यक्ष खुशालभाऊ हसून म्हणाले, “म्याडम, हे शामकलाचंच काम आहे. तिच्यासारखा नेम कोनाचा नाही.”

आषाढात मरळीची पिल्लं लाल गोळा करून गवताजवळ वर येतात. खाली आईबाप राखण करतात, हटत नाहीत. मरळीला हवेतला श्वास लागतो; त्यासाठी वर आले की भाला. पाच दातांचा, तुझ्या सासऱ्याचा. सगळं गाव असंच मारायचं आणि वर म्हणायचं, पिल्लं तर सोडलीच ना आपण.

त्या आषाढात तू मला न विचारता प्रयोग केलास. माझ्या कॉलेजातल्या पोरांनी एमएस्सीला केले नाहीत इतका चोख. दोन गोळे निवडलेस. एकाचे आईबाप मारलेस, दुसऱ्याला हात लावला नाहीस. रोज सकाळी डोंगा घेऊन पाहणी. सहाव्या दिवशी फोन.

“म्याडम, एक गोळा साफ गेला. बाकीच्या मासोळ्यायनं खाल्ला. दुसरा आहे तसाच आहे.”

“एकदाच करून चालत नाही, शामकला. पुन्हा कर.”

“पुन्हा कायले मारू? मले समजलं ना.”

शास्त्र माझ्या बाजूने होतं, तरी मी फोन ठेवला. 

मग तू सोसायटीच्या सभेत, मलाही बोलावून, ठराव आणलास: आषाढ-श्रावण, पिल्लांवरची मरळ कोणी मारायची नाही. आणि नेमका तेव्हाच ताज्या मरळीला बाजार असतो. पोटावर येणारी गोष्ट होती, तुझ्या तर सर्वांत आधी.

खुशालभाऊ म्हणाले, “काऊन व शामकला, आता मरळीले राखी बांधून रायली का?”

“तुले बांधली होती. तू कोनाची राखन केली?”

बायका हसल्या. ते तुझे मानलेले भाऊ, त्यांनाही हसावं लागलं. पण लगेच म्हणाले, “सगळ्यायनं सोडलं आन तू एकटी मारत बसली तं?”

तू उठलीस, बाहेरून भाला आणून सतरंजीवर आडवा ठेवलास. “हा म्याडमसंगं गोंदियाले जाऊन रायला. आता पाहा हात वर करून.”

हात वर झाले. ठराव एका वर्षापुरता. नंतर तो दोनदा वाढवला. यंदा तर चर्चेशिवायच मंजूर झाला.

त्याच संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर तू मला बजावलंस, भाला कॉलेजच्या संग्रहालयात लावायचा. घरी राहिला तर हात जातो. आणि खाली पाटी: ‘यानं शामकलानं पिल्लांवरच्या मरळी मारल्या. किती, ते मोजलं नाही.’

मी म्हटलं, “आपण ‘मासेमारीचं जुनं साधन’ असं लिहू.”

“मंग लावूच नका.”

तेव्हापासून दर आषाढात विचारतेस, लावला का. मी कधी शिपायाचं निमित्त सांगते, कधी गुडघ्याचं. कॉलेज माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पाटीचा पुठ्ठा आणलाय; तुझं वाक्य माझ्याच्यानं लिहवत नाही, म्हणून कोराच आहे. भाला माझ्या दाराआड उभा आहे.