थिजणारं तेल आणि माझा उतावळा मेसेज

गेल्या शनिवारी सकाळी कोलकात्यात अशी थंडी होती की आमच्या वॉचमनचे माकडटोपीतून फक्त डोळे दिसत होते. आणि अशा थंडीत मी केसांना लावायला खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर तेल भसकन हातावर!

आता मी एका पेंट कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. खोबरेल तेल एवढ्या गारठ्यात दगडासारखं व्हायला हवं, ते पातळ राहतं म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय...

हे तेल नलूकाकूंचं. काकू हावड्याला राहतात, इथल्या आमच्या मराठी महिला मंडळातल्या सगळ्या त्यांना ओळखतात. खोबरं स्वतः निवडतात, गच्चीत वाळवतात आणि जवळच्या घाण्यावर समोर बसून तेल काढून घेऊन विकतात. निवृत्त नवऱ्याच्या मागे भुणभुण करण्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणतात. यंदा माझ्या हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी त्यांच्याकडेच तीस छोट्या बाटल्या सांगितल्या होत्या.

मी लगेच फ्रीजची चाचणी केली. अगदी सोपी आहे, तुम्हीही करा. काचेच्या कोरड्या ग्लासात थोडं तेल घ्यायचं आणि ग्लास फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही. तास-दोन तासांनी बघायचं. शुद्ध खोबरेल सगळंच्या सगळं पांढरं घट्ट होतं. दुसरं पातळ तेल मिसळलेलं असेल तर ते बहुतेक वर वेगळं तरंगत राहतं.

आमच्या ग्लासात खाली पांढरा थर आणि वर चांगलं बोटभर पिवळसर तेल...

माझं डोकंच फिरलं. तीस बायकांच्या ओटीत मी भेसळ घालणार होते! मी फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नलूकाकूंच्या तेलात दुसरं तेल आहे. शहानिशा होईपर्यंत कुणी वापरू नये.' अर्ध्या तासात दोघींनी आपल्या ऑर्डर रद्द केल्या. ग्रुपवर काकूंचं एक अक्षर नाही. मला वाटलं, बोलायला तोंडच नसेल.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. काकू! लाँचने नदी ओलांडून, पुढे बस पकडून आल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण पाठ ताठ. पिशवीतून त्यांनी त्याच घाण्यातली एक सीलबंद बाटली काढून टेबलावर ठेवली. पांढरीशुभ्र, घट्ट. उलटी केली तरी थेंब हलेना.

"हे बघ मंजिरी, हिवाळ्यात माझं तेल चमच्याच्या दांडीने खरवडून काढावं लागतं. तुझ्या ग्लासात ते पातळ तेल आलं कुठून?"

मी तोऱ्यात माझी बाटली आणली. तेवढ्यात माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, पोळ्या टाकून बाहेर आल्या. त्या दिवाळीनंतर गुहागरहून आल्यात. तिकडे तेल थिजलं तरी एखाद्या पहाटे, ऊन वर आलं की पुन्हा पातळ. इथल्यासारखं चार-चार दिवस घट्ट बसलेलं तेल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"अगं, तीच ना? त्यातून काही पडेचना. म्हणून परवा जरा गरम केली आणि माझं गुडघ्याचं तिळाचं तेल घातलं त्यात. आता बघ कशी छान धार लागते!"

मी हातातली बाटली काकूंच्या बाटलीशेजारी हळूच ठेवून दिली.

माझी चाचणी शंभर टक्के बरोबर होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तेलात भेसळ होतीच... फक्त ती माझ्याच घरात झाली होती. आणि लॅबमध्ये नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी शिकवते, नमुना सीलबंद बाटलीतूनच घ्यायचा. उघड्या बाटलीचं कोण काय सांगणार? शहाण्या बाईने घरी आल्यावर नेमकं तेच सोडून दिलं!

मला रडू आलं. काकूंनी कितीतरी वर्षं जपलेला विश्वास मी एका फोटोने पुसायला निघाले होते. त्यांच्यासमोरच ग्रुपवर चूक कबूल केली, आईंच्या त्या 'छान धारे'सकट. हसऱ्या इमोजींचा पाऊस पडला आणि दोन्ही ऑर्डर परत आल्या. मी माफी मागायला लागले तर काकू म्हणाल्या, "माफीचं राहू दे. हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर चाचणी कर."

परवा केली. फ्रीजमध्ये दोन ग्लास, एक काकूंच्या सीलबंद बाटलीतला आणि एक आईंच्या खास मिश्रणाचा. इथल्या खजुराच्या गुळाचे तिळाचे लाडू खाऊन होईपर्यंत निकाल हातात! आई दुसरा ग्लास घेऊन अभिमानाने सगळ्यांना दाखवत फिरत होत्या, आणि तीसच्या तीस बाटल्या काकूंच्याच हातून वाटल्या गेल्या.

जाताना काकूंनी मला हळदकुंकू लावलं आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी फोन कर हो."

करेन, काकू. तेल नंतर तपासेन, आधी फोन करेन.