ताटाचा फोटो

त्या वर्षी ताईच्या घराची समोरची अर्धी खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली होती. भाव पडलेला, त्यामुळे वेचलेला माल घरातच. अंगाला खाज सुटायची, तरी माणसं त्यालाच टेकून बसत. मी मात्र दारात पाय ठेवताच खूश झालो. खिडकीतलं ऊन त्या पांढऱ्या ढिगावर पडून खोलीभर मऊ पसरलं होतं. यवतमाळच्या माझ्या स्टुडिओत असा उजेड मिळत नसे. लगेच स्वतःचीच लाज वाटली.

लोहाऱ्याच्या रस्त्यावर एक हॉटेल निघत होतं. मालकाला मेनूकार्डावर गावरान थाळीचा फोटो हवा होता. मी लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढणारा. जेवणाचा कधी काढला नव्हता. म्हणून बोरी अरबला ताईकडे आलो. तिच्या हातची पाटवडी साऱ्या नात्यागोत्यात नावाजलेली.

सकाळपासून राबून तिने रस्सा केला. पण कॅमेऱ्यातून पाहिलं तर वड्या बुडालेल्या, नुसतं लाल पाणी. मी अंगणातले गोटे धुऊन वाटीच्या तळाशी ठेवले आणि वर वड्या रचल्या. भाकरीवर ब्रशने तेल फिरवलं. वरची तेलाची तर्री थिजली की ताई पुन्हा रस्सा गरम करून आणी. दुपार कलली.

तेवढ्यात भाऊजी आले. बाजारात नेलेली कापसाची गाडी तशीच भरलेली परत आणली होती. त्यांनी हातपाय धुतले आणि वाढलेलं ताट दिसलं तसे जेवायला बसले. मी पाठमोरा, कॅमेऱ्यातला रोल बदलत होतो. वळलो तोवर त्यांची बोटं दगडाला लागली होती.

"हे काय वं? गोटे कायले शिजवले?"

ताई घाबरून माझ्याकडे पाहू लागली.

"मी टाकले, भाऊजी. वड्या वर दिसाव्या म्हणून."

त्यांनी एकेक गोटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवू लागले.

"रस्सा झकास झाला," ते म्हणाले. "फोटो निघाला ना पन चांगला?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

फोटो चांगलाच निघाला. मालकाने तो मोठा करून गल्ल्यामागे लावला. मला तिथे बसून जेववत नसे.

संक्रांतीला ताईकडे गेलो तेव्हा कॅमेरा मुद्दामच नेला नाही. तिने शेजारणीकडून नवंकोरं ताट मागून आणलं होतं. स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

"फोटो नाही काढत का रे?"

"नाही ताई. आज नुसतं जेवू."

वाटलं, तिला बरं वाटेल. तिचा चेहरा उतरला.

"मले वाटलं, आज माहा काढशीन. मांगच्या खेपेले नुसता ताटाचाच काढला."

"राहू दे वं, जेवू दे त्याले," भाऊजी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन पुन्हा गेलो. ती शेतात होती. त्या कामाच्या कपड्यांत तिने मला फोटो काढू दिला नाही.