दादाने मागे घेतलेला निबंध

गेल्या महिन्यात मी शाळेत भूगोल शिकवत असताना दादाच्या प्रयोगशाळेतले हरिपदबाबू वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. "दीदी, जरा बाहेर याल?" एवढंच ते म्हणाले. तास घेता घेता दादा कोसळला होता... मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझा हा थोरला भाऊ कलकत्त्याच्या एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचा. आई-वडील गेल्यावर त्याने मला नागपूरहून तिथल्या भवानीपूरला स्वतःच्या बिऱ्हाडी आणलं, माझ्या दम्यासकट. हिवाळ्यात शेगड्यांच्या धुराने आधी शिंका यायच्या, मग छाती भरायची. दादा सांगायचा, की पेशींवर ठरावीक जागा असतात; तिथे हिस्टामिन हे शरीरातलंच एक रसायन येऊन बसलं की हा त्रास सुरू होतो. ट्रामच्या बाकावर आपला माणूस आधीच बसवला की दुसऱ्याला जागा उरत नाही, नवं औषध तेच करतं. या जागा कुणी पाहिलेल्या नव्हत्या, त्यामुळे विभागातले ज्येष्ठ त्याला हसत. तरीही त्याने त्यावर शोधनिबंध लिहायला घेतला आणि मला त्या गोळ्या सुरू केल्या.

शिंका थांबल्या, नाक मोकळं झालं. दादा तेव्हा लहान मुलासारखा खूश झाला होता. छाती मात्र होती तशीच. तो रोज विचारून वहीत टिपून ठेवायचा आणि मी रोज "बरं आहे" म्हणायची. त्याला हसणारे लोक मला खोटे ठरायला हवे होते... तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी माझे ओठ निळे पडले. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी धावत येऊन ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, म्हणून मी वाचले.

संध्याकाळी दादा माझ्या उशाशी बसून म्हणाला, "छातीत आणखी वेगळ्या जागा असतील, शालू. मला कळायला हवं होतं."

माझं रोजचं "बरं आहे" खोटं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. त्याने निबंध मागे घेतला आणि पुढे संशोधनही सोडलं. खरं सांगायला मला चार वर्षं मिळाली होती. दर दिवाळीला ठरवायची, फराळाचं ताट पुढे ठेवायची आणि तेवढ्यावरच राहायचं... आपल्या हट्टापायी बहीण मरता मरता वाचली, असं मनात धरूनच तो गेला.

त्या आजारपणानंतर कॉलेजला निघताना तो मला दाराशी उभं करून एका श्वासात आकडे मोजायला लावी. अजूनही सकाळी मी तिथेच उभी राहून मोजते. आज अठराला श्वास संपला. रिकाम्या दाराला मी अठराच सांगितले.