त्या घरचं पाणी

जालन्यातल्या मस्तगडच्या गल्लीत टेम्पो उभा होता आणि लोखंडी कपाट काही केल्या त्यात बसत नव्हतं. दोन हमाल, माझा नवरा नरेश आणि मी, चौघं मिळून त्याला आडवं-उभं करत होतो. आजूबाजूच्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. मदतीला कुणी उतरलं नाही, बघायला मात्र एकही घर कमी नव्हतं. माझे सासरे, बाबूजी, उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसले होते. आमच्या घरात बोलणं मारवाडीत चालतं. पण बाबूजींना खरा राग आला की ते मराठीवर येतात, आणि तीही पक्की जालन्याची. कपाट एकदाचं चढलं. मी पाया पडायला वाकले, तेव्हा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत ते म्हणाले, "जा. पण ध्यानात ठेव, त्या घरचं पाणी मी पिणार न्हाई."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? टेम्पो सुरू झाला.

थोड्याच दिवसांपूर्वी त्याच गल्लीतून समोरच्यांचा मुलगा कॅनडाला गेल्ता. काय तो थाट! हार, नारळ, पेढे, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला अर्धं मस्तगड. तो आता आईबापांना वर्षा-दोन वर्षांनी दिसणार. आणि आम्ही चाललो होतो भोकरदन रस्त्यावरच्या एका वाडीत, स्कूटरवर पाऊण तास. नरेशचं जुन्या जालन्यातलं कापडाचं दुकान तेच, माझी बँकेतली नोकरी तीच, रोज सकाळी दोघंही शहरात हजर. तरी गल्लीत सुतक पडल्यासारखं झालं. खेड्यातून शहरात गेला की माणूस पुढं गेला, शहरातून परदेशात गेला की त्याचा पेपरात फोटो. उलटा निघाला की लोक विचारतात, काय बिघडलं? कुणी म्हणालं धंदा बसला. कुणी म्हणालं नरेशला काहीतरी दुखणं आहे, सांगत नाहीत. सगळ्यात चाललं ते हे, की सुनेनं घर फोडलं.

तर मस्तगडमधल्या माझ्या सगळ्या काकू आणि मावश्यांनो, आणि पुण्या-बंगळूरला बसून ग्रुपवर हळहळणाऱ्या दीर-नणंदांनो, बराबर ऐकलंत तुम्ही. मीच नेलं. नरेशच्या मनात होतं, पण ते जन्मभर मनातच राहिलं असतं.

कारण विचाराल तर मोठं काही नाही. मला खेड्यात राहायचं होतं, एवढंच. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. वडिलांचं किराणा दुकान, गावात मारवाड्याचं घर आमचं एकच. वर्षातून कधीतरी जैन साध्वीजी पायी विहार करत त्या वाटेनं यायच्या आणि गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आमच्या दारात थांबायच्या. त्यांच्यासाठी मुद्दाम रांधलेलं त्यांना चालत नाही. घरात असेल त्यातलंच थोडं घेतात. शिवाय देणाऱ्याचा हात त्या वेळी कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या पाण्याला, हिरव्या पाल्याला, विस्तवाला लागलेला नसावा. लागला की ते घर तेवढ्या वेळेपुरतं बाद, साध्वीजी तशाच मागे फिरतात. आई सांगायची, "दारात पांढरं दिसलं की आधी आपले हात बघ, मंग ऊठ."

त्या घरातून मी मस्तगडला आले. माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची आणि भर दुपारी दिवा लावून मी फुलके लाटायची. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात. तर सूर्य कधी मावळतो हे आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचो! आकाश बघायचं तर तीन जिने चढून गच्चीवर, तिथंही चार घरांचे पापड वाळत घातलेले. बाहेर रिक्षांचे हॉर्न. नळाला पाणी यायचा दिवस तर सणासारखा, त्या दिवशी बँकेत उशिरा गेलं तरी साहेब काही बोलायचे नाहीत, कारण त्यांच्याही घरी तेच.

जायचं ठरलं तेव्हा बाबूजींनी दोन गोष्टी पुढं केल्या. पहिली, नरेश दुकान बंद करून रात्री पोचणार, मग सूर्यास्ताआधी जेवणार कधी? याला माझ्याकडे उत्तर होतं. तो आधीही संध्याकाळचा डबा दुकानाच्या गादीवरच खायचा, आताही खाईल. दुसरी गोष्ट अशी सुटणारी नव्हती. ते म्हणाले, "तिथं आपलं एक घर न्हाई. साधू-संत कधी दारात यायचे न्हाईत. असलं घर काय कामाचं?" हे मला लागलं. त्यांच्यासमोर मी डोळे कोरडे ठेवले, रात्री ठेवता आले नाहीत.

वाडीत सगळं गोड गोड आहे असं मी सांगणार नाही. लाईट जाते. पावसाळ्यात स्कूटर चिखलात रुतते. पहिल्याच महिन्यात न्हाणीत साप निघाला आणि नरेश स्टुलावर चढून बसला. लग्नसराईत ट्रॅक्टरवरची गाणी गल्लीतल्या हॉर्नला लाजवतील अशी. आणि संशय इथंही सुटला नाही. समोरच्या घरातल्या सुमनकाकू पहिल्या दिवशी भाकरी-भाजी घेऊन आल्या, ओट्यावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "जालन्यात काय भानगड झाली का, बाई? आपल्या मनानं इकडं कोणी येत न्हाई." मी हसून लोटपोट. म्हटलं, घ्या, मस्तगड इथंही आहेच.

पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता तूर दिसते, कपाशी दिसते आणि सूर्य कुठं आहे ते दिसतं. कॅलेंडर दाराच्या मागं टांगलंय. सासूबाई नरेशबरोबर चार-पाचदा येऊन गेल्या, पोटभर जेवल्या, जाताना मेथीच्या जुड्या घेऊन गेल्या आणि घरी यातलं चकार शब्दानं बोलल्या नाहीत. बाबूजी एकदाही आले नाहीत. सणावाराला आम्ही मस्तगडला गेलो की ते आमच्याशी नीट बोलायचे, मी वाढलेलं खायचे, फक्त वाडीचा विषय निघाला की पेपर उघडायचे. माझ्या मनात मात्र एकच खुपायचं, की हा माणूस आपल्या घरात कधी पाय ठेवणार नाही. जिद्दीनं उभं केलेलं घर, आणि त्यातली एक खुर्ची कायम रिकामी. मला ते नको होतं.

गेल्या हिवाळ्यात, चातुर्मास संपल्यानंतर, एका शनिवारी सासूबाईंचा फोन आला. उद्या सकाळी पाणी लवकर उकळून ठेव, म्हणाल्या. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, का म्हणून विचारायचं नाही, नेहमीचा स्वयंपाक कर, जास्तीचं काही करू नको. मी काय ते समजले. जालन्यातून साध्वीजींचा विहार निघाला होता, आणि तो या रस्त्यानं.

रविवारी मी पहाटेच पाणी उकळलं. पोळ्या, डाळ, भाजी, रोजचंच. गॅस वेळेत बंद केला. मंग सगळं आवरल्यावर काय करावं सुचेना, तर सुमनकाकूंनी शेतातून आणून दिलेली मेथी घेऊन ओट्यावर निवडत बसले. दुपारच्या आत काही येत नाहीत असा माझा हिशोब. मान वर केली तर फाटकात चार पांढऱ्या साड्या! त्यांच्या मागं काठी टेकत, कॅनव्हासचे बूट घातलेले बाबूजी. विहारात साध्वीजींबरोबर चालायची त्यांची जुनी सेवा. सगळी वाट चालले असतील असं नाही, मध्ये गाडीत बसले असतील, पण माझ्या दारात पायीच आले.

आणि मी काय केलं? मेथी भराभर खाली टाकली, ओट्याच्या नळाखाली हात धुतले आणि ओल्या हातांनी धावले. आईनं शंभरदा सांगितलेलं, माझं आयुष्य ज्यात गेलं ते, एका क्षणात विसरले.

मोठ्या साध्वीजी जागीच थांबल्या. माझ्या हातांकडे बघून त्या हसल्या, रागावल्या नाहीत. हिंदीत हळू म्हणाल्या की बहन, भाव चांगले आहेत, पण आता इथं घेता येणार नाही. मी तशीच उभी, कोपरावरून पाणी ठिबकतंय. बाबूजी सगळं बघत होते. वर्षभर मी ज्याची वाट बघितली ते दारात आलं आणि मी माझ्याच हातानं परत पाठवलं.

मग साध्वीजींनी आजूबाजूला बघून विचारलं, इथं शाकाहारी घर कुठलं? समोर सुमनकाकू पदरात हात गुंडाळून हा सगळा तमाशा बघत दारात उभ्या होत्या. माळकरी घर. शेतावर न्यायच्या भाकरी सकाळीच करून टोपलीत ठेवलेल्या. साध्वीजी रस्ता ओलांडून तिकडे गेल्या. चटणीत लसूण होता, ती राहिली. थोडी भाकरी आणि ताक त्यांनी घेतलं आणि पलीकडच्या माळकरी घराकडे वळल्या. जिथं आपलं एक घर नाही म्हणून बाबूजी येत नव्हते, तिथं त्यांच्या डोळ्यांदेखत साध्वीजींच्या पात्रात भाकरी पडली, आणि ती आमच्या घरची नव्हती.

बाबूजी माझ्या फाटकाबाहेरच उभे. ऊन चढलेलं, तोंड सुकलेलं. त्यांची पाण्याची बाटली नरेशनं पहाटेच विहाराला नेलेल्या भाड्याच्या गाडीत, आणि नरेश साध्वीजींच्या मुक्कामासाठी शाळा उघडून घ्यायला गेल्ता. मुद्दाम गेल्ता का, हे मी अजून विचारलेलं नाही. सुमनकाकूंनी तांब्या भरून आणला. बाबूजींनी हात जोडले, कच्चं पाणी चालत नाही, फक्त उकळलेलंच. सुमनकाकूंनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "ते तर हिच्याच घरी भेटंल, शेठजी. सगळ्या वाडीत पाणी शिजवून पिणारी ही एकटीच."

मग बाबूजींनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पाणी उकळलेलं आहे का?"

"पहाटेचं आहे."

"आण मंग."

मी आत वळले आणि थांबले. दारात उभं राहून पाणी पिऊन ते गेले असते, तर जन्मभर म्हणायला मोकळे, मी त्या घरात पाय ठेवला न्हाई. चालून आलेल्या म्हाताऱ्या सासऱ्याला सुनेनं पाणी अडवलं, हे मस्तगडमध्ये कसं सांगितलं जाईल तेही मला ऐकू येत होतं. तरी मी बोलले.

"बाहेर आणणार न्हाई, बाबूजी. आत या, मंग देते. हे घर आहे, पाणपोई न्हाई."

सुमनकाकूंचा हात तोंडावर गेला. बाबूजींनी रस्त्याकडे बघितलं, गाडीचा पत्ता नव्हता. काठीच्या मुठीवरून ते अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, गेलं. आता हे दार कायमचं बंद. आणि मग ते फाटक ढकलून आत आले, ओट्यावर टेकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. वाकून आपण सोडाव्यात असं फार वाटलं. पण मी हात मागे बांधून उभी राहिले, ज्याचं त्यानं यावं म्हणून.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून ते दोन पेले पाणी प्यायले. खिडकीतून तुरीकडे बघत होते. पेला ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला हात कोरडे ठेव."

त्यानंतर ते तीनदा आलेत. गल्लीत मात्र बाबूजी अजून सांगतात की सून हट्टी आहे, तिनं माझा पोरगा नेला. सांगू देत, खरंच आहे ते. तुम्हीही सांगा. कॅनडातल्यालाही कळवा.

मी अजून ओट्यावरच मेथी निवडते. पांढरं दिसलं की आधी हात बघते. आणि कधी ओले असलेच, तर समोर सुमनकाकूंचं दार उघडं आहे. माझं घर आता तिथपर्यंत आहे.