फ्रेममधलं पत्र

कालपर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडून कधीच बाहेर पडली नव्हती. आज तुम्हाला सांगते — आता सांगता येतं म्हणून.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. अम्मा कुंभारी गावच्या विडी कामगारांच्या घरकुलात विड्या वळते. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे. मी वाचेन ते खरं. याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी रक्तदान केलं. महिन्याभरानं रक्तपेढीचं इंग्रजी पत्र आलं — येऊन भेटा, म्हणून. अम्मानं विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, आभार मानलेत. का म्हटलं? घाबरले, एवढंच. अम्मानं ते पत्र फ्रेम करून पुढं माझ्या पदवीच्या फोटोखाली लावलं. येईल त्या बाईला दाखवायची, "पोरगी तर पास झालीच, तिचं रक्तबी पास झालं की!"

मी एकटीच जाऊन भेटले. हिपॅटायटिस बी — रक्तातून पसरणारी कावीळ. तिथल्या बाईंनी नीट समजावलं — विषाणू बहुतेक जन्मतानाच आईकडून आला असेल. आईचं, बहिणीचं रक्त तपासून घे. घरात बाळ येणार असेल तर जन्मल्याबरोबर लस हवी. मी मान डोलावली आणि घरी येऊन गप्प बसले. माझ्यासाठी स्थळं बघत होते. वस्तीत कळलं तर?

पण सांगायचंय ते हे नाही. ते — थांबा, सांगते.

दोन वर्षांनी धाकटी बहीण लता पहिल्या बाळंतपणाला आली. फाईल माझ्याच हातात दिली. सगळ्या तपासण्या होत्या, ही एक नव्हती. ती रिकामी ओळ मी पाहिली. आणि म्हटलं, सगळं ठीक आहे. मुलगी झाली — आमची छोटी. तिला लस दिली की नाही, तेसुद्धा विचारलं नाही.

पुढं नोकरी लागली ती कशाची? वस्तीवस्तीत याच आजाराची माहिती द्यायची! बायका मांडीवर सूप घेऊन, विडीची पानं कातरत ऐकायच्या. "डोळं पिवळं न्हाईत, मग कावीळ कसली गं?" एक मावशी म्हणाली. "आन् झाली तर माळ घालून उतरवू की!" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, मावशी, ही माळेनं उतरत नाही. ही दिसतच नाही, आत लपून राहते. एका ताटात जेवल्यानं होत नाही, तेव्हा लाजू नका, लपवू नका — असं मी सांगत होते. मी!

आता लताला पुन्हा दिवस गेलेत. गेल्या महिन्यात, माझ्या कामाचाच भाग आहे असं खोटं सांगून, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला दिलं. अम्माला आहे. लताला आहे. छोटीला — नाही. तो कागद तीनदा वाचला आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारली. रडले, हसले, शेजारच्या बाईनं पाणी दिलं. येणाऱ्या बाळालाही पहिल्याच दिवशी लस मिळेल, डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. पण छोटी वाचली, त्यात माझं काहीच नाही.

काल फ्रेम खाली काढली. अम्मा आणि लतासमोर बसून पत्र वाचलं — ओळीनं, जसं आहे तसं. तिथं जाऊन काय कळलं, तेही सांगितलं. अम्मानं सूप बाजूला सारलं आणि काचेवर बोट फिरवत राहिली. लतानं विचारलं, "अक्का, छोटीच्या येळंला तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय," म्हटलं. "फाईलबी मीच वाचली व्हती."