ओतायच्या आधी थांबवणारी हौसाक्का

मारुतीचा फोन आला की मी अजूनही आधी मनातल्या मनात विचारतो, आता माझं काय चुकलं? आमच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, भट्टीचा मुख्य तो आणि मी त्याच्या हाताखाली. कामाशिवाय तो फोन करत नाही. दीड महिन्यापूर्वी एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला, तेव्हा मी सवयीनं आधी माफी मागून मोकळा झालो. "आरं, गप जरा," तो म्हणाला, "आक्का गेली… हौसाक्का." मारुती आज भट्टीवर आहे तो तिच्यामुळं, आणि माझे दोन्ही पाय जागेवर आहेत तेही तिच्यामुळंच.

हौसाक्का आमच्या कोर विभागात होती. ओतलेल्या वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा भाजलेला तुकडा बसवतात, तो कोर. हातकणंगल्याहून पहिल्या एसटीनं यायची, साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवायची आणि भाजलेला प्रत्येक कोर कानाशी धरून नखानं टिचकी मारायची. आवाज बद्द आला की तो बाजूला. दिसायला अख्खा असला तरी बाजूलाच. आम्ही चिडवायचो, "आक्का, कोर काय म्हणतोय?" ती म्हणायची, "तुझ्यापरास शाण्यावाणी बोलतोय."

दोन हजार सालानंतरची दोनचार वर्षं असतील. मी तेव्हा फौंड्रीचा नामांकित नकल्या होतो. पगार ओतकामाचा, कीर्ती नकलांची. फोरमनची चाल, मालकांचं शिंकणं, सगळं माझ्या पोतडीत. त्यात चंदगडकडचा मारुती नवा आला. सूतगिरणी बंद पडलेली, वय पस्तिशीचं, तीन पोरं शाळेत. बोलायच्या आधी मान एका बाजूला कलती करायचा, घसा खाकरायचा आणि सावकाश सुरुवात करायचा, "त्याचं असं हाय…" मला तर घरबसल्या खजिना मिळाला! आठवड्यात मी त्याची हुबेहूब नक्कल बसवली. महिन्यात अशी गत झाली की मारुतीनं नुसती मान कलती केली तरी दहा तोंडांतून एकदम निघायचं, "त्याचं असं हाय!" मग कुणी त्याची चप्पल लपवू लागलं, कुणी डब्यात वाळू टाकू लागलं. ते मी केलं नाही, असं मी पुष्कळ दिवस अभिमानानं सांगत होतो. दार मी उघडलं होतं, आत शिरले ते दुसरे, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

आक्कानं एकदा मला कोरच्या भट्टीजवळ गाठलं. "बाळ्या, तुझ्या नकलंला समदी हसत्यात. मारुती कवा हसल्याला बगितलास?"

"त्याला इनोद कळत न्हाय गं आक्का."

"कळतोय की. म्हणून तर लाकडांच्या ढिगामागं एकटा जेवतोय. आनी हल्ली कुणालाच काय इचारत न्हाय त्यो. नवा माणूस आन् काय इचारत न्हाय? हितं मी पयली बाई म्हणून आल्ते तवा माझं कोर फोडून ठेवायची ही बापय माणसं, आन् वर 'मस्करी केली' म्हणायची. मला ठावं हाय ती मस्करी."

मी काय केलं? त्याच दुपारी आक्काची नक्कल बसवली.

आणि मग तो दिवस आला… लोखंडाचा रस वाहून न्यायला दांड्यांचं भांडं असतं, लॅडल. त्याला आतून मातीचा लेप. लेप नवा केला की आत लाकडं पेटवून तो कडक वाळवायचा. ओला राहिला तर रस उसळून माणसाच्या अंगावर येतो. त्या दिवशी ते काम माझं होतं. जेवणाच्या सुट्टीत माझा प्रयोग रंगात आला, आणि इकडं लॅडलमधला विस्तव विझला. मला पत्ताच नाही. सुट्टी संपली, निखारे झटकून लॅडल उचलली, एका दांड्याला मी. भट्टीचं तोंड फोडून रस सोडायची तयारी झाली. शेजारी उभ्या मारुतीनं लॅडलमध्ये डोकावून बघितलं. त्यानं तोंड उघडलं. मान कलती केली. मी लगेच माझी मान कलती करून तयार! त्यानं माझ्याकडं बघितलं… आणि तोंड मिटलं.

कोरनं भरलेला ट्रे घेऊन आक्का दारात उभी होती. लॅडल तिला दिसत नव्हती, पण मारुतीचं तोंड दिसलं. तिनं सगळा ट्रे खाली टाकला. सकाळपासूनच्या कामाचा चुरा झाला, त्या आवाजानं सगळे जागच्या जागी थांबले. "भट्टी फोडू नगासा! मारुती काय म्हणत हुता ते आदी ऐका!"

"काय न्हाय…" मारुती पुटपुटला.

"काय न्हाय न्हवं. बोल!"

"लेप वला हाय," तो म्हणाला. बोट लावलं, तर बोटाला माती आली.

मालकांच्या खोलीत आम्ही चौघं उभे राहिलो. फोरमननी निकाल देऊन टाकला, "दिसत असून बोलला न्हाय, म्हंजी चूक मारुतीची. असला माणूस भट्टीवर नको." मालकांनीही मान हलवली. मारुतीनं काही न बोलता खिशातून घडी घातलेला कागद काढला. नोकरी सोडल्याची चिठ्ठी. चार दिवस तो ती खिशात घेऊन फिरत होता.

"कागद ठेव खिशात," आक्का म्हणाली. "मालक, त्यो का बोलला न्हाय, ते ह्याला इचारा." आणि माझ्याकडं बोट.

गप्प बसलो असतो तर मी सुटलो असतो. मारुती चंदगडला गेला असता आणि मी उद्या नवं गिऱ्हाईक शोधलं असतं. मी घसा खाकरला, बोलायला तोंड उघडलं, आणि घाबरल्यामुळं की सवयीनं, देव जाणे, माझ्या तोंडून मारुतीच्याच आवाजात निघालं, "त्याचं असं हाय…"

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण जमीनही माझ्यावर नाराज असावी. मारुतीनं मान खाली घातली. आक्का तेवढी शांत होती. "हां," ती म्हणाली, "आता म्होरलं तुझं तू बोल."

मी बोललो. विस्तव माझ्यामुळं विझला, आणि ह्याचं तोंड मी बंद केलं. चप्पल, वाळू, सगळं सांगितलं, नावांसकट. मला आठ दिवस घरी बसवलं, चप्पल-वाळूवाल्या दोघांना ताकीद मिळाली. मारुती राहिला. पुढं काय करायचं, असं मालकांनी आक्कालाच विचारलं. ती म्हणाली, "ओतायच्या आदी सगळ्यात नव्या माणसाला इचारायचं, काय दिसतंय का? त्यो बोलंस्तवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं न्हाय."

सगळं लगेच गोड झालं असं नाही. 'मालकांच्या कानाला लागती' म्हणून त्या दोघांनी आक्काशी बोलणं टाकलं. तिचे कोर पुन्हा फुटलेले सापडले. या वेळी ती गप्प राहिली नाही, तुकडे गोळा करून मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मारुती वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलला. बरोबरच केलं. पण तो प्रश्न टिकला. भट्टी बदलली, फोरमन बदलले, आक्का निवृत्त झाली, तरी रोज ओतायच्या आधी नव्या माणसाला तो विचारला जातो. शिक्षण चौथी, अधिकार शून्य, आणि तिचा नियम आजही आम्हा चाळीस माणसांना थांबवतो. तिच्याबरोबर मी काम केलंय, हे मी आता कुठंही छाती काढून सांगतो.

आक्का गेल्यानंतरच्या मंगळवारी ओतकाम होतं. सगळ्यात नवा माणूस त्याच्या पंधराच दिवस आधी आलेला. मारुतीनं विचारलं, "काय दिसतंय का?" तो माणूस लॅडलमध्ये वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "थांबा… डाग दिसतोय. वलं हाय वाटतंय." भट्टी रोखून धरली. लॅडल खाली घेऊन चारी बाजूंनी तपासली. कडकडीत कोरडी होती. काजळीचा पट्टा होता तो. अर्धा तास गेला. "चुकलं माझं," तो ओशाळून म्हणाला.

"न्हाय चुकलं," मारुती म्हणाला. "उद्याबी असंच बोल."

काजळीवरून एक फर्मास विनोद माझ्या जिभेवर येऊन बसला होता. तो तसाच गिळून मी लॅडलचा दांडा उचलला. कुणीच हसलं नाही.