जहाजाची सोंड

राई गावाच्या पुढे खाडी रुंद होत होत एका वळणावर समुद्रच होऊन बसते. तिथे एक बाग आहे. फाटकावरच्या पाटीवर बागेचं नाव संस्थापक शेठजींपासून सुरू होतं आणि त्यांच्या मातोश्रींना सोबत घेऊन दोन ओळींनी संपतं. भाईंदर स्टेशनबाहेर कुणी ते पूर्ण नाव घेतलंच, तर रिक्षावाला शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि म्हणतो, "हाथीबाग बोलो ना, सेठ."

हत्ती होताच तिथे. हिरवा होता, कोयनेलच्या झुडपांचा होता, पण चार पाय, दोन कान, पाठीवर अंबारी आणि मागे आखूड शेपूट असं सगळं जागच्या जागी होतं. टेकाडावर उभा राहून तो सोंड उचलून समुद्राकडे बघत असे. विठू शिगवण त्याला सांभाळायचा. 'हत्ती सांभाळणे' असा हुद्दा ट्रस्टकडे नसल्यामुळे पगारपत्रकावर तो माळी होता.

बागेचा जन्म थोडा उफराटाच. शेठजींची इथे मिठागरं होती. मिठाला ऊन लागतं, सावली चालत नाही. म्हणून शेठजींनी उमेदीची सगळी वर्षं या भागात एक झाड उभं राहू दिलं नाही, आणि उतारवयात त्यांना टेकायला सावली सापडेना. तेव्हा त्यांनी बाग करायची ठरवली. आखणीसाठी मुंबईत गोदी बांधायला आलेला एक इंग्रज इंजिनियर गाठला. त्याला फुलांतलं काही कळत नव्हतं, पण पाणी आणि वारा कळत होता. त्याने मिठाचे चौकोनी वाफे मोडले नाहीत; त्यांतच गोडी माती भरून झाडं लावली. समुद्राच्या अंगाला सुरूची दुहेरी भिंत उभी केली, तिच्या आडोशाला उंडीची आणि भेंडीची झाडं. वाट मात्र सरळ न नेता अशी वळवत नेली, की समुद्र ऐकू येत राहतो पण दिसत नाही. आता येईल, आता येईल असं म्हणत माणूस चालतो, आणि शेवटच्या उंडीला वळसा घातला की सगळा एकदम समोर. त्या वळणावरच टेकाड, आणि टेकाडावर हत्ती.

वाट अशी का, हे विठूला त्याचे गुरू ज्ञानदेव यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इंजिनियर दारू पीत असे.

ज्ञानदेव वेरूळजवळच्या गावचे. इथे येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, पण हत्ती पाहिला होता. लेण्यांतला, दगडी, कैलासाच्या अंगणात उभा असलेला. त्या हत्तीची सोंड तुटलेली आहे. लहानपणापासून ज्ञानदेवांच्या मनाला ते लागून राहिलेलं. बागेत कामाला लागले त्या दिवशी टेकाडावरचं झुडूप त्यांनी पाहिलं आणि त्यांना ओळख पटली. इथे सोंड शाबूत होती. तारेचा मूळ सांगाडा खाऱ्या हवेत केव्हाच गंजून गळून गेला होता. आकार काय तो माळ्याच्या हातात उरला होता. ज्ञानदेवांनी कान गोल केले, पाय नीट केले, अंबारीला कंगोरे काढले. निवृत्त होऊन गावी जाताना त्यांनी कात्री विठूच्या हातात दिली, हत्तीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "बाकी काही झालं तरी सोंड खाली येऊ देऊ नको."

विठूने ती येऊ दिली नाही. दर पंधरवड्याला शिडी लावून तो आधी सोंड करायचा, मग बाकीचा हत्ती. मुर्धा-राईतल्या बहुतेक घरांत त्या हत्तीखाली काढलेला एखादा तरी फोटो असेल. वादळात दोन सुरू पडले तेव्हा विठूने ट्रस्टला फोन करून कळवलं, की हत्ती सुखरूप आहे. सुरूंचं त्यांना नंतर कळलं.

मग बागेला शंभर वर्षं व्हायला आली आणि ट्रस्टला मूळ रूप आठवलं. त्यासाठी नीरज नावाचा तरुण वास्तुविशारद नेमला. मुलगा गुणी होता. जुन्या बागांवर त्याचा जीव होता, आणि कोयनेलला कोयनेल म्हणायचा, त्यामुळे विठूचंही त्याच्याशी बरं जमलं. सकाळी फिरणाऱ्यांनी वळणं टाळून तुडवलेली सरळ पायवाट त्याने बंद केली आणि लोकांच्या शिव्या हसून खाल्ल्या. वाटेतली युक्ती त्याने विठूला समजावून सांगितली. विठूने ऐकून घेतलं. दारूचं कारण त्याला अजूनही जास्त पटत होतं.

एके सकाळी नीरज टेकाडापाशी आला, तो हातात फोटो घेऊनच. शेठजींच्या पणतवंडांकडे सापडलेला. फोटोत शेठजी खुर्चीवर बसलेले, शेजारी टोपी घातलेला इंजिनियर, आणि मागे तेच टेकाड, तेच झुडूप.

"काका, हे बघा," नीरज म्हणाला. "जहाज होतं ते."

विठूने फोटो उन्हात धरला. दुसरा कुणी असता तर वाद घालायला जागा होती. विठूला नव्हती. तो दापोलीकडचा, खाडीवरच्या गावचा. बाप गलबतावर खलाशी. जहाज त्याने चालायच्या आधी ओळखलं असेल. समोर निघालेलं टोक म्हणजे नाळ, मधलं शीड, दोन्ही अंगांना टांगलेल्या लहान होड्या, मागे सुकाणू. तो फोटोवरून हत्तीकडे आणि हत्तीवरून फोटोकडे बघत राहिला. नाळेची सोंड झाली होती, शिडाची अंबारी, होड्यांचे कान आणि सुकाणूचं शेपूट.

"मग पाय कुठून आले?" त्याने विचारलं.

ते नीरजलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फाटकाशी उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या विमलाबाईंना. विमलाबाई राईच्या, तिथेच जन्मलेल्या आणि तिथेच दिलेल्या. त्यांच्या लहानपणी गावची पोरं जहाजाच्या पोटात घुसून लपंडाव खेळायची. मुली आडव्या आरपार जायच्या, मुलगे उभे आरपार. दोन बोगदे पडले, आणि कोपऱ्यांत जे उरलं ते चार पाय. पुढे ज्ञानदेव माळी आले, त्यांनी ते पाय बघून साफसूफ केले.

विठूने विचारलं, मग एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं कसं नाही?

"आमाला समद्यांना ठाव होता," विमलाबाई शेंगा हलवत म्हणाल्या. "पन तुमी येवढ्या हौसेनं हत्ती-हत्ती करता. म्हनलं, हत्ती त्यांचा हाय, आपन कशाला मधी परायचा?"

म्हणजे अख्खं गाव दोन माळ्यांच्या कारकिर्दी केवळ सभ्यपणे गप्प राहिलं होतं. विठूने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याची बायको सुगंधा हातातलं लाटणं ठेवून हसली. दापोलीची तीही होती.

"खलाशाचा मुलगा," ती म्हणाली, "आणि इतकी वर्षं शिडी लावून बोटीला आंघोळ घालीत होतात. मामंजी असते तर त्यांनी बंदरावर तोंड दाखवलं नसतं हो."

रात्री जेवताना तिने आणखी एकदाच विषय काढला. ज्ञानदेवभाऊंना काय सांगाल, असं विचारलं. ज्ञानदेव वारून बरीच वर्षं झाली होती. विठूने पानातली भाकरी दोनदा मोडली.

ट्रस्टचा निर्णय झाला होता. हिवाळ्यात शताब्दीचा समारंभ, तोवर झुडपाचं जहाज करायचं, आणि ते विठूनेच करायचं, कारण त्या कोयनेलवर दुसऱ्या कुणाचा हात बसलेला नव्हता. समारंभानंतर विठू निवृत्त. त्याच्या जागी राजश्री येणार होती; घोडबंदर रोडजवळच्या एका रोपवाटिकेत काम केलेली, बोलायला कमी आणि कात्रीला चांगली. काम शिकायला ती आतापासूनच चेणे गावाहून रोज यायची.

विठू एकदाच नीरजकडे गेला. भांडायला नाही, एक शंका विचारायला. शंभरातली साठेक वर्षं तो हत्ती आहे, तर मग मूळ म्हणजे नक्की कुठलं धरायचं? लोक बघायला येतात तो हत्तीच. बाग ओळखतात ती त्याच्याच नावाने.

नीरजने शंका मनापासून ऐकली. म्हणाला, "काका, खरं सांगू? तुमचं मला पटतंय. पण निमंत्रणपत्रिकेवर जहाज छापून झालंय."

छापून झालं म्हटल्यावर विषय संपला.

आता विठूपुढे एक वाट होती. काम बिघडवायचं, शीड वाकडं, नाळ बोथट, असं जहाज करायचं की ट्रस्टने कंटाळून हत्ती परत मागावा. दोन दिवस त्याने या विचाराशी चाळा केला. तिसऱ्या दिवशी शिडीवर चढला आणि त्याच्या लक्षात आलं की हे आपल्याच्याने होणार नाही. हत्ती कापवत नव्हता, हे खरं. पण समुद्राच्या काठावर, येणाऱ्या-जाणाऱ्या मच्छीमारांच्या डोळ्यांदेखत, खलाशाच्या मुलाने वाईट जहाज उभं करायचं, हे त्याहून कठीण होतं.

म्हणून त्याने चांगलं जहाज करायला घेतलं. पायांमधले बोगदे भरायला सोडून दिले. कोयनेल त्या बाबतीत कुणाची परवानगी मागत नाही, पावसाळ्यात पाय एकमेकांना मिळाले आणि गणपतीपर्यंत जहाजाला पोट आलं. अंबारीचे कंगोरे वाढू देऊन त्याने वर उंच शीड चढवलं. कानांना होड्यांचा आकार दिला. शेपूट रुंद करून सुकाणू केलं. राजश्री खाली उभी राहून शिकत होती. मधेच एकदा तिने विचारलं, की काका, पुढचा भाग सगळ्यात शेवटी का ठेवलाय? विठू म्हणाला, तिथे ऊन लागतं.

नाळ त्याने खरोखर शेवटी केली, आणि करायचं तिथे काही फारसं निघालंच नाही. नाळ फोटोत होती तशीच होती. ज्ञानदेवांनी आणि त्याने मिळून ती इतकी वर्षं तंतोतंत राखली होती. शंभर वर्षांत त्या झुडपातली तेवढीच एक गोष्ट मूळ रूपात शिल्लक होती.

समारंभाला टेकाडाभोवती पडदा लावला होता. पाहुणे आले, ट्रस्टी आले, शाळेची मुलं ओळीने बसवली. नीरजने इंजिनियरबद्दल चार शब्द छान सांगितले. मिठागराचे वाफे, लपलेला समुद्र, आणि वाटेच्या टोकाला जणू आत्ता निघेल असं जहाज. विठू नवा सदरा घालून मागे उभा होता, शेजारी सुगंधा. पाहुण्यांनी दोरी ओढली.

जहाज देखणं झालं होतं. पोट भरदार, नाळ उचललेली, वर शीड. टाळ्या वाजणार एवढ्यात पहिल्या ओळीतली एक लहान मुलगी शेजारणीला म्हणाली, "हत्ती बसला."

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण शेजारणीने बघितलं, तिला ते दिसलं, आणि मग ओळीमागून ओळीत गोष्ट पसरत गेली. पाय पोटाखाली घेऊन, कान पाडून, सोंड तेवढी उचलून हत्ती टेकाडावर बसला होता. वर कुणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं. पाहुण्यांनी भाषणात दोन वेळा 'जहाज' म्हटलं आणि दोन्ही वेळा थोडे अडखळले.

मागे विमलाबाई टोपली काखेत मारून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दमला असंल. किती वर्सं उभा हाय तो."

सुगंधाने पदर तोंडाला लावला. विठू तिच्याकडे बघत नव्हता. तो नीरजकडे बघत होता. नीरजने खिशातून जुना फोटो काढला होता आणि तो डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून, मग तिरका करून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून विठूला कळलं. आता फोटोतसुद्धा शेठजी बसलेल्या हत्तीपुढेच खुर्ची टाकून बसले होते, आणि इंजिनियर शेजारी माहुतासारखा उभा होता.

नीरजने फोटो विठूपुढे धरला. "काका," तो म्हणाला, "हे तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"नाही साहेब," विठू म्हणाला. "मी जहाजच केलं." आणि ते खरं होतं.

टेकाडापाशी आता पितळेची पाटी आहे, तिच्यावर 'जहाज' असं कोरलंय. तिच्यावर हात टेकून लोक बसलेल्या हत्तीचा फोटो काढतात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांनी भाडं बदललं नाही, नावही नाही.

महिनाअखेरीला विठूने कात्रीला धार लावून आणली आणि राजश्रीच्या हातात दिली. पहिली कापणी तिची. ती शिडी लावून चढली, झुडपाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि खाली वाकून म्हणाली, "काका, एक विचारू? मी हे काय समजून कापू?"

विठूने समुद्राकडे पाहिलं. एक होडी उत्तनच्या बाजूने घरी येत होती.

"जहाज आहे ते," तो म्हणाला. "फक्त सोंडेला जपून."